शुक्रवारपर्यंत तोटा करावा

बुधवारी दुपारी डबा खाऊन जागेवर आलो तर कीबोर्डवर चिठ्ठी. ‘आपण रुजू झाल्याला अडतीस दिवस झाले. या काळात आपण एकदाही तोटा केलेला नाही. शुक्रवारपर्यंत किमान एक तोटा करावा, अन्यथा आपली जागा रिकामी समजण्यात येईल.’ खाली जोखीमबाईंची सही. मी चिठ्ठी तीनदा वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली, मागे काही नव्हतं. बावीस वर्षं नोकरी केली मी. उशिरा आल्याबद्दल मेमो मिळाला, टेबलावर डोकं टेकल्याबद्दल मिळाला, एकदा तर जिन्यात साहेबांना न ओळखल्याबद्दलही मिळाला. पण नुकसान करा हो, नाहीतर घरी जा, असं मला जन्मात कुणी लिहून दिलं नव्हतं. आधी हसू आलं. मग शुक्रवार परवावर आलाय हे लक्षात आलं. शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळे धडाका म्हणतात, तो मान लांब करून म्हणाला, ‘‘चिठ्ठी? बघू. अरे वा! मला नेहमी याच्या उलट येते.’’ आणि त्याने ती मोठ्यांदा वाचली. खोलीत आम्ही चौदा जण, प्रत्येकापुढे दोन पडदे, पडद्यांवर हिरवे-लाल आकडे. चौदातली तेरा डोकी वळून माझ्याकडे बघायला लागली. वर्गात सगळ्यांचा गृहपाठ चुकलेला असावा आणि एकट्याचाच कोरा निघावा, तसं झालं मला.

आमचा धंदा सांगायला सोपा आहे, करायला मला जमत नाही एवढंच. कंपनीच्या पैशांनी शेअर घ्यायचे आणि त्याच दिवशी विकायचे. पैसे कंपनीचे, डोकं आपलं. नफा झाला तर निम्मा आपला, तोटा झाला तर सगळा कंपनीचा. पहिले दोन महिने परीक्षेचे. रकमा लहान, आणि आपल्याला बसभाडं सुटेल इतका भत्ता. दिवसाच्या तोट्याला एक मर्यादा ठरलेली असते. ती गाठली की यंत्र आपोआप बंद पडतं आणि त्या माणसाने मुकाट्याने उठून जिन्याच्या वळणावरच्या बाकावर पंधरा मिनिटं बसायचं, काहीही न करता, आणि मग घरी जायचं, असा इथला शिरस्ता. गेलेलं परत मिळवायची खुमखुमी त्या पंधरा मिनिटांत मरते म्हणे. धडाक्याच्या बैठकीने त्या बाकाची एक बाजू गुळगुळीत झाली आहे. मी मात्र अडतीस दिवसांत त्या बाकाला शिवलेलो नाही, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मला त्याचा थोडा गर्वच होता. धडाका उठून बाहेर जायला लागला की मी पडद्याकडे बघत राहायचो, पण कान त्याच्या चपलांकडे. गर्वाचं घर खाली म्हणतात ते असं चिठ्ठीने खाली येतं हे ठाऊक नव्हतं.

इथे रुजू झालो तेव्हाची मुलाखत आठवली. जोखीमबाई म्हणजे कोण किती धोका पत्करतो त्यावर डोळा ठेवणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, केस आखूड, आणि टेबलावर सहा पेन्सिली, सहाही टोक केलेल्या. जाहिरातीत लिहिलं होतं ‘स्वतःचे भांडवल आवश्यक नाही’, पण जाहिरातीत काय, काहीही लिहितात. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘तुमचे स्वतःचे किती पैसे लावणार?’’ मी मान खाली घालून म्हणालो, ‘‘काहीच नाही.’’ ‘‘उत्तम,’’ बाई म्हणाल्या आणि कागदावर बरोबरची खूण केली. एवढं स्वागत माझं सासरीही झालं नव्हतं. मग त्यांनी करारातलं एक कलम पेन्सिलीने अधोरेखित करून माझ्याकडे सरकवलं. कुणीही स्वतःचे पैसे भरून कंपनीचा तोटा झाकला तर करार त्याच दिवशी रद्द. ‘‘हे वाचा. लोकांना वाटतं हे गमतीचं कलम आहे. याच्यापायी मी तिघांना काढलंय. झाकलेला तोटा मला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीची मला भीती वाटते.’’ मी म्हणालो, ‘‘बाई, ती भीतीच नको. माझ्याकडे भरायला आहे काय?’’ मग बाईंनी विचारलं की याआधी काय करत होता, आणि मी सांगितलं.

बस कंपनीच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होतो मी. लोक बसमध्ये विसरतात ते आमच्याकडे जमा व्हायचं. छत्र्या, चष्मे, डबे, एका पायाचा बूट, कवळ्या. हो, कवळ्या, माणूस दात विसरून उतरतो आणि दोन दिवस त्याच्या लक्षात येत नाही, यावर आधी माझाही विश्वास बसला नव्हता. प्रत्येक वस्तूला सुतळीने चिठ्ठी बांधायची, मांडणीवर ठेवायची, आणि मालक आला की तीन प्रश्न विचारायचे. वस्तू काय? खूण काय? कुठे विसरलात? तिन्ही बरोबर आली तर सही घेऊन द्यायची, नाहीतर ‘ओळख पटली नाही’ असा शिक्का मारायचा. हे मी बाईंना सांगताना त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘‘आणि समजा छत्री खरंच त्याची असेल, पण खूण आठवत नसेल?’’ ‘‘तर नाही द्यायची.’’ ‘‘पाऊस पडत असला तरी?’’ ‘‘पाऊस पडत असला तर सगळ्यांनाच सगळ्या छत्र्या आपल्या वाटतात बाई.’’ त्यावर त्या हसल्या आणि मला घेतलं. बावीस वर्षांत माझ्या मांडणीवरची एक वस्तू इकडची तिकडे झाली नाही. पावसात मी घरी भिजत जायचो, मागे दोनशे छत्र्या टांगलेल्या असायच्या; पण लोकांचं ते लोकांचं. आता बाई म्हणतायत, लोकांचं आहे, जरा घालवून दाखवा.

तसा मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नव्हतो. सकाळी नऊपासून भाव बघायचो, वहीत लिहायचो. एखादा शेअर जरा खाली आला की घेऊ म्हणून मागणी लावायचो. मग भाव हळूहळू माझ्या मागणीकडे यायला लागायचा, एक पायरी, अजून एक पायरी, आणि माझ्या उजव्या हाताचं बोट असं गार पडायचं की जणू ते माझं नाहीच, कुणीतरी बसमध्ये विसरलंय. भाव अगदी एका पायरीवर आला की ते बोट आपलंआपण जाऊन मागणी काढून घ्यायचं. हुश्श. दिवसातून चाळीसदा हे. संध्याकाळी घरी जाताना मी मढ्यासारखा दमलेला असायचो, आणि माझ्या नावावर शून्य. धडाक्याला वाटायचं मी फार मोठ्या संधीची वाट बघत दबा धरून बसलोय. ‘‘काका, मला पण सांगा हां,’’ तो हळूच म्हणायचा. काय सांगणार कपाळ? पैसे माझे असते तर एखादवेळी घातलेही असते खड्ड्यात. दुसऱ्याच्या पैशाला हात लावायचा म्हणजे मला अजून ती सायकल आठवते. नऊ वर्षांचा असेन. शेजारच्या घड्याळजींनी त्यांची सायकल मला दिली होती, दळण आणायला नाही, नुसती फिरवायला. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातून बजावलं, दुसऱ्याची आहे, जपून. मी ती सायकल मैदानापर्यंत हातात धरून नेली. वाटेत खडी आली तेव्हा टायर झिजतील म्हणून खांद्यावर घेतली. मैदानाला एक फेरी मारली, खांद्यावर घेऊनच, आणि परत आणून दिली. खांद्याला साखळीचं काळं वंगण लागलं होतं ते आठ दिवस निघालं नाही. घड्याळजींनी पायडल फिरवून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कधी नव्हे ते घड्याळ दुरुस्त करायचं विसरून बसले.

चार वाजता धीर करून बाईंच्या खोलीत गेलो. ‘‘बाई, चुकून आली का चिठ्ठी?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मी कंपनीचं काही बुडवलेलं नाही.’’ ‘‘तीच तर तक्रार आहे.’’ ‘‘लोक नुकसान केलं म्हणून काढतात हो बाई.’’ बाईंनी पेन्सिल उचलली. ‘‘हे बघा. जिंकल्यावर सगळी माणसं सारखीच वागतात, पेढे वाटतात. हरल्यावर एक माणूस तिथल्या तिथे थांबतो, एक दुप्पट लावतो, एक लपवतो, एक रडतो. तुम्ही यातले कोणते, ते बघितल्याशिवाय दोन महिन्यांनी मोठी रक्कम कशी सोपवू? मला तुमचा नफा नकोय. तुम्ही हरता कसे ते दाखवा.’’ मी म्हणालो, ‘‘म्हणजे मुद्दाम हरू?’’ ‘‘मुद्दाम नाही. मनापासून जिंकायला जा, आणि हरा. मुद्दाम हरलात तर मला कळतं.’’ घ्या! म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. खोलीबाहेर आलो. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला दुसऱ्यांदा कोण नोकरी देतं? खिडकीवरच्या मांडणीवर तीन महिने कुणी न नेलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा आमच्याकडे. माझी पाळी जवळ आली होती, आणि मला बोली लावणारं कुणी दिसत नव्हतं.

पहिली नोकरी गेली तेव्हाचं तर आठवूही नये. हरवलेल्या वस्तूंची नोंद मोबाईलवर व्हायला लागली, खिडकीला फळी ठोकली, आणि मला एक फुलांचा गुच्छ दिला. तो गुच्छ मी बसमध्ये विसरलो, त्याची चौकशी कुठे करायची हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी काही सांगितलंच नाही मी. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत बसायचो. तिथे माझ्यासारखे अजून चार-पाच जण होते, इस्त्रीचे कपडे घातलेले, एकच पान तासभर वाचणारे. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. बाराच्या ठोक्याला जिन्याखाली बसून डबा खायचा, पाच वाजता चेहऱ्यावर दमणूक आणून घरी जायचं. अकराव्या दिवशी डबा उघडला तर झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवलेली. माझ्या बायकोचं अक्षर. ‘उद्यापासून घरीच जेवा. गरम मिळेल.’ बस्स. संध्याकाळी घरी गेलो तर तिने डबा घेतला आणि घासायला टाकला. ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करते. तिला केसाएवढा ओरखडा दिसतो, मग एवढा मोठा नवरा दिसणार नाही होय? पण त्या जिन्याखाली झाकण हातात धरून मला जे रडू फुटलं होतं ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. आणि पुढे या कंपनीचं ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. ‘‘करा काय करायचं ते. पण घरातला एक पैसा त्यात जाता कामा नये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं तर हलवायाच्याच घरावर ठेवा, आपल्या नको.’’

बुधवारी संध्याकाळी घरी गेलो तर अप्पा गॅलरीत रेडिओचं पोट उघडून बसलेले. रेडिओ चालू आहे. पण ब्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याला काहीतरी दुरुस्त करायला लागतं. ही अजून दुकानातून यायची होती. मी त्यांच्याशेजारी बसलो, चिठ्ठीचं सांगितलं आणि म्हणालो, ‘‘अप्पा, तुम्हाला घड्याळजींची सायकल आठवते? तुम्ही मला ती अशी सांभाळायला लावलीत की मी ती खांद्यावर घेऊन फिरलो.’’ अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. ‘‘मी लावली?’’ ‘‘तुम्हीच म्हणालात, दुसऱ्याची आहे, जपून.’’ ‘‘जपून चालव म्हणालो मी. खांद्यावर घे असं कुठल्या बापाने सांगितलंय? अरे, त्याच्या पायाला लागलं होतं, महिनाभर सायकल पडून गंजत होती, म्हणून तर चालवायला दिली बिचाऱ्याने. मला येऊन म्हणाला, तुमच्या पोराला दाखवा कुणालातरी.’’ आणि एवढं बोलून ते स्क्रू शोधायला लागले. सदतीस वर्षं मी ज्या गोष्टीवर उभा होतो ती अशी स्क्रूसारखी रेडिओच्या पोटात घरंगळली. राग आला मला, कुणाचा ते कळेना. दाखवलं असतं कुणाला तर आज ही वेळ आली नसती.

गुरुवारी मनापासून प्रयत्न केला. देवाशप्पथ केला. सकाळीच ठरवलं, आज मागणी काढायची नाही, बोट मांडीखाली दाबून बसायचं. बसलो. साडेदहाला भाव एका पायरीवर आला आणि मी उजवं बोट मांडीखाली ठेवून डाव्या हाताने मागणी काढली. डाव्या हाताचं हे कसब मला स्वतःलाच नवीन होतं. दुपारी परत, तेव्हा दोन्ही हात मांडीखाली, तर धडाका म्हणाला, ‘‘काका, थंडी वाजतेय का?’’ आणि मी ‘नाही नाही’ म्हणत हात बाहेर काढले, ते सरळ कीबोर्डवर. शून्य. तीनच्या सुमाराला मला भीतीचं मूळ सापडलं. पैसे जाण्याची भीती नव्हतीच ती. गेल्यावर ते भरून कसे देणार, ही होती. माझ्या खिडकीवरून एकदा एक कंगवा हरवला होता, तर मी नवीन कंगवा आणून, दोन दाते मोडून, मांडणीवर ठेवला होता. मालक कधी आला नाही ती गोष्ट वेगळी. भरून देता येणार असेल तर मी वाटेल ते घालवू शकतो! हे सुचल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की मी उठून उभा राहिलो आणि कशासाठी उठलो ते न कळून परत बसलो. करारातलं ते अधोरेखित कलम मला आठवत नव्हतं असं नाही. हिची अटही आठवत होती. पण मन मोठं वकील असतं. झाकणं वेगळं आणि उघडउघड भरणं वेगळं, लावणं वेगळं आणि परत करणं वेगळं. घरी येईपर्यंत मी दोन्ही खटले जिंकलो होतो.

ही दुकानातून यायच्या आत कपाटातल्या चादरींखालचा डबा काढला. दिवसाच्या तोट्याची जी मर्यादा तेवढ्याच, मोजून एकवीस नोटा घेतल्या, पाकिटात घातल्या, पाकीट चिकटवलं. सुतळीही सापडली. जुन्या सवयीने चिठ्ठी बांधली. ‘वस्तू : भरपाई. मालक : कंपनी.’ आणि पाकीट उद्याच्या पिशवीत तळाशी ठेवलं. दारात अप्पा उभे. ‘‘काय शोधतोयस?’’ ‘‘काही नाही, चादर.’’ ‘‘एवढ्या उकाड्यात?’’ ‘‘असू दे.’’ ‘‘असू दे तर असू दे,’’ अप्पा म्हणाले आणि गेले. रात्री जेवताना ही माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, ‘‘आज भूक दिसतेय.’’ होतीच. एवढी दिवसाढवळ्या घरफोडी करून मला सणसणून भूक लागली होती, आणि तिच्या नजरेला नजर देणं टाळून मी दोनदा वाढून घेतलं.

शुक्रवारी साबण करणाऱ्या एका कंपनीचा शेअर निवडला. का? तर साबण लोक वापरतातच. कागदावर लिहून ठेवलं, इतक्यावर घेणार, इतक्यापर्यंत चढला तर विकणार, इतक्यापर्यंत पडला तरी विकणार. पिशवी दोन पायांच्या मध्ये घट्ट धरली होती, पाकिटाचा कोपरा घोट्याला टोचत होता, आणि त्या टोचण्याचा काय तो आधार. भाव खाली यायला लागला. तीन पायऱ्या, दोन, एक. बोट गार पडलं. जाईना मात्र कुठे. आणि पडद्यावर टिक झालं. घेतले गेले. माझ्या नावावर, दुसऱ्याच्या पैशांनी, साबणाच्या कंपनीचा एक तुकडा. कानात नुसती सूं सूं, खोलीतल्या थंड हवेच्या यंत्राची की माझी, कळेना. मग भाव वर गेला. आणि काय सांगू, माझ्या मनात असं काही उसळलं की मी घोट्याचं टोचणं विसरलो. चढ बाबा, चढ, म्हणून मी ओठ हलवत होतो, घोड्यावर बसल्यासारखा. बाई म्हणाल्या होत्या तसं मनापासून जिंकायचं होतं मला. त्याच क्षणी तो खाली वळला. घेतल्या भावाला आला, त्याच्या खाली गेला, एक, दोन, तीन, कागदावरच्या आकड्याला टेकला. थांब जरा, वर येईल, आत्ता तर होता वर, असं कुणीतरी आतून बोललं, अगदी माझ्याच आवाजात. बावीस वर्षं मी हा आवाज खिडकीच्या पलीकडून ऐकला होता; खूण आठवत नाही हो, पण माझीच आहे, द्या ना. नाही द्यायची. मी विकून टाकले. आणि हात काढून मांडीवर ठेवले. तोटा.

यंत्र बंद पडलं नाही, तोटा मर्यादेच्या चतुर्थांशही नव्हता. पण मला तिथे बसवेना. पिशवी उचलली आणि बाहेर जिन्याच्या वळणावर गेलो. बाकावर धडाका होताच, त्याच्या गुळगुळीत बाजूला. नुकतंच त्याचं यंत्र बंद पडलं होतं. ‘‘काका! तुम्ही? किती गेले?’’ मी आकडा सांगितला. धडाका माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘एवढ्यासाठी बाकावर आलात? अहो, एवढे तर माझे शिंक आली तरी जातात.’’ पण मग माझं तोंड बघून सरकला आणि जागा दिली. बाक गार होता. पंधरा मिनिटं काही करायचं नसतं, म्हणून मी काहीच केलं नाही, आणि काही न करताना जाणवलं की मला लाज वाटतेय, रडूही येतंय, आणि या दोन्हींच्या खाली कुठेतरी, मैदानावर सायकल सोडल्यावर इतर पोरांना वाटत असेल, तसलं काहीतरी. धडाका गेला. तेवढ्यात बाई आल्या, हातात माझ्या सौद्याचा कागद. ‘‘लिहिलेल्या आकड्यावर बाहेर पडलात,’’ त्या म्हणाल्या. मी उभा राहिलो, पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. ‘‘बाई, हे भरून घ्या.’’

बाईंचा चेहरा असा उतरला की मला तिथल्या तिथे ते कलम तोंडपाठ आठवलं. पेन्सिलीच्या रेघेसकट. मनातला वकील जिन्यावरून पळून गेला होता. बाईंनी सुतळीची चिठ्ठी वाचली. पाकीट उघडलं नाही, हातात तोललं. मग त्या बाकावर बसल्या, मला बसायची खूण केली, आणि म्हणाल्या, ‘‘ही वस्तू मला जिन्यात सापडली. वस्तू काय?’’ मला कळेना. ‘‘उत्तर द्या. वस्तू काय?’’ ‘‘पाकीट.’’ ‘‘खूण काय? आत काय आहे?’’ खिडकीच्या या बाजूला मी जन्मात उभा राहिलो नव्हतो. ‘‘एकवीस नोटा,’’ मी म्हणालो. बाईंनी पाकीट फोडलं आणि आतलं बाहेर काढलं. नोटांच्या मापाने नीट कापलेले पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे होते ते. प्रत्येकावर काळी अक्षरं, एकावर तुकडाभर मोठं, दुसऱ्यावर जरा लहान, मग अजून लहान; चष्म्याच्या दुकानात भिंतीवर लावतात त्या तक्त्याचे तुकडे. बाईंनी एक लांब धरून बघितला, एक जवळ. ‘‘ओळख पटली नाही,’’ त्या म्हणाल्या. आणि मग फार हळू, ‘‘यात पैसे नाहीत. म्हणजे तुम्ही काही भरलेलं नाही. वाचलात. सोमवारी नऊला या.’’ तुकड्यांच्या मध्ये एक चिठ्ठी होती, ती त्यांनी वाचली, आणि माझ्याकडे देताना विचारलं, ‘‘तुमच्या मिसेस नोकरी बदलायचा विचार करतायत का?’’

‘अप्पांनी सांगितलं. पैसे डब्यात परत ठेवलेत. वाचनालयात बसू नका. हरलात तर सरळ घरी या.’

बस रिकामी होती. भर दुपारी घरी जाणारी माणसं मी वाचनालयाच्या खिडकीतून खूप बघितली होती, त्यांच्यातला एक होऊन कधी गेलो नव्हतो. उतरताना पिशवी आहे का, डबा आहे का, दोनदा चाचपलं. दार उघडंच होतं. अप्पा पाटावर बसल्यासारखे खुर्चीत मांडी घालून, ही पदराला हात पुसत, म्हणजे दुकानातून अर्धा दिवस सुटी काढून आलेली, आणि तीन ताटं मांडलेली. ‘‘हरलो,’’ मी उंबऱ्यातूनच म्हणालो, जरा मोठ्यांदाच. ‘‘ऐकू आलं,’’ ती म्हणाली. ‘‘हात धुवा.’’ हात धुताना पाण्याखाली मला ते बोट दिसलं, आता चांगलं ऊन झालं होतं. ताटावर बसलो, पहिला घास घेतला, वाफ निघत होती त्यातून. मग राहवेना म्हणून विचारलं, ‘‘आणि आज हरलो नसतो तर? आलोच नसतो तर?’’ तिने माझ्या ताटात अजून वाढलं. ‘‘तर झाकून ठेवलं असतं,’’ ती म्हणाली.